एकसष्ट अंगठे

साथीच्या तिसऱ्या आठवड्यात गावाने बोलणं थांबवलं आणि कळवणं सुरू केलं.

त्याआधी बातमी पसरवायला गावात कुठलीच सोय लागत नसे. एखाद्या घरात भांडण पेटलं की ते विझायच्या आत नळावर पोचलेलं असे, आणि भांडणाऱ्यांपैकी कुणी पाणी भरायला गेलंच तर त्याला आपलंच भांडण दुरुस्त होऊन ऐकायला मिळे. पण घराबाहेर पडायला बंदी आली, नळावर खडूची वर्तुळं आली, आणि वर्तुळात उभं राहून कुजबुजता येत नाही हे लोकांच्या लक्षात आलं. तेव्हा गावसभेच्या सचिवांनी फोनवर एक ग्रुप काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'आपलं गाव, आपला परिवार'. परिवारात एकशे बारा माणसं होती. त्यांतली निम्मी एकमेकांशी बोलत नव्हती, पण त्याला साथ जबाबदार नव्हती.

सचिवांना गाव पाठीमागे रेंजराव म्हणे. साधे संदेश रखडत-रखडत का होईना घरोघरी पोचत, पण फोटो उघडायचा किंवा समोरच्याचं तोंड बघत बोलायचं तर गावात दोनच जागा होत्या. एक पाण्याच्या टाकीचा जिना, तोही सातव्या पायरीपासून वर. दुसरी शाळेमागचं टेकाड. सचिव दिवसातले पाच तास सातव्या पायरीवर बसत आणि तिथून गावाचा कारभार बघत.

त्यांचा पहिला हुकूम असा होता : "प्रत्येक सूचना वाचून खाली अंगठा द्यावा, म्हणजे वाचली हे मला कळेल."

यावर पहिल्याच दिवशी बखेडा झाला. गावात अंगठा या शब्दाला एकच अर्थ होता. ज्याला सही येत नाही तो शाईत बुडवून देतो, तो अंगठा. लोहारकाका पंचेचाळिसाव्या वर्षी रात्रशाळेत जाऊन सही शिकले होते आणि त्या दिवसापासून त्यांनी कशावरही अंगठा उठवला नव्हता. त्यांनी सचिवांना फोन केला.

"मी काय अंगठेबहाद्दर आहे का रे?"

"काका, हा तसा अंगठा नाही. हा शाबासकीचा अंगठा आहे."

"शाबासकी कुणाला? नळाला पाणी येणार नाही असं लिहिलंयस तू. त्याची शाबासकी?"

लोहारकाकांनी त्यावर तोडगा काढला. प्रत्येक सूचनेखाली ते आपलं संपूर्ण नाव टाइप करू लागले, वडिलांच्या नावासकट. त्यांना एका सूचनेला सात मिनिटं लागत.

बाकीचं गाव मात्र आठ दिवसांत अंगठ्याला सरावलं. पाणी येणार नाही, अंगठा. फवारणी होणार, अंगठा. तेलघाणीवाले आजोबा वारले ही बातमी सकाळी सव्वानऊला आली आणि दहाच्या आत तिला अठ्ठेचाळीस अंगठे पडले. आजोबांचा मुलगा परगावी अडकला होता. त्याने सचिवांना फोन करून विचारलं, की माझा बाप गेला ते बरं झालं असं गावात नेमक्या अठ्ठेचाळीसच जणांना वाटतं का? सचिव म्हणाले, "नाही हो, बाकीच्यांनी अजून वाचलं नसेल."

पोस्टबाईंनीही तो अंगठा दिला होता. पोस्टबाई म्हणजे गावच्या पोस्टाच्या प्रमुख, कारकून, शिक्केवाल्या आणि झाडूवाल्या. पोस्ट म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. एक जाळीची खिडकी, एक तराजू, डिंकाची बाटली, तारखेचा शिक्का आणि ज्याच्यावर बसलं की ते नेहमी डावीकडे कलतं असं एक स्टूल. सव्वीस वर्षं त्या या खिडकीमागे होत्या. खिडकीमागे असताना त्यांना सारं गाव 'अहो बाई' म्हणे. दार ओलांडून मागच्या स्वयंपाकघरात गेल्या की त्या नुसत्या धाकट्या जाऊ होत, आणि तिथे थोरल्या जाऊबाईंचं राज्य होतं.

पुढच्या मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर दोन पानांचा फोटो आला. पहिलं पान आडवं होतं, दुसरं धुकट. खाली सचिवांचं नेहमीचं वाक्य : वाचून अंगठा द्यावा. पोस्टबाई तेव्हा एका पार्सलाला दोरी बांधत होत्या. घरात फोटो अर्धवटच उघडे; त्यांनी मान वाकडी करून दिसलं तेवढं पाहिलं. वर खात्याची मुद्रा होती आणि मध्ये 'डिजिटल सक्षमीकरण' असे शब्द दिसत होते. हे शब्द असलेला कागद कुणाच्या उपयोगी पडल्याचं त्यांनी नोकरीभर पाहिलं नव्हतं. दोरीची गाठ दाताने ओढत त्यांनी अंगठा दिला.

नवव्या दिवशी डाकेच्या थैलीतून त्यांच्याच नावाचं पाकीट आलं. त्यांनी ते आधी वहीत नोंदवलं, मग शिक्का मारला, मग उघडलं.

"सदर गावातील नागरिक आता ऑनलाइन संपर्कात असल्याने," पत्रात लिहिलं होतं, "व तशी संमती त्यांनी ऑनलाइनच दिली असल्याने, सदर शाखा महिनाअखेर बंद करण्यात येत आहे. संमती एकसष्ट, हरकती शून्य. एक प्रतिसाद अस्पष्ट, मजकुरात केवळ इसमाचे नाव. संमतीदारांत स्वतः शाखाप्रमुखांचाही समावेश असल्याची नोंद समाधानपूर्वक घेण्यात आली." शाखाप्रमुखांनी पुढे एकोणीस किलोमीटरवरच्या बाजारगावात, थैल्या वेगळ्या करण्याच्या खोलीत हजर व्हायचं होतं. बस दीड महिन्यापासून बंद होती. तिचा पत्रात उल्लेख नव्हता.

पोस्टबाईंनी पत्र तीनदा वाचलं. मग फोन काढून तो मंगळवारचा फोटो शोधला आणि अंगठे देणाऱ्यांची यादी उघडली. हेडमास्तर. पिठाच्या गिरणीवाला. शेजारीण. थोरल्या जाऊबाई. यजमान. यजमानांनी तर वर वेगळा एक अंगठाही पाठवला होता, पण तो सचिवांनी धरला नव्हता. मोजणी इतकी चोख होती.

त्या मास्क लावून टाकीपाशी गेल्या आणि खालूनच हाक मारली.

"सचिव! हे काय केलंत?"

"काय झालं बाई?" सचिव सातव्या पायरीवरून वाकले.

"अंगठा म्हणजे वाचलं, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"सांगितलं होतं."

"मग ही संमती कुठून आली?"

"वर कळवायला तक्ता होता, बाई. त्यात दोनच रकाने. संमती आणि हरकत. 'वाचलं' असा रकानाच नाही."

"म्हणून एकसष्ट माणसं संमतीत टाकलीत?"

"हरकतीत कशी टाकू? अंगठा वर होता!"

"आणि तुम्ही तरी वाचलं होतंत का ते?"

"मला तो फोटो वरून आला. मी खाली पाठवला. मध्ये वाचायला वेळ कुठे असतो?"

घरी येऊन पोस्टबाईंनी ग्रुपवर लिहिलं, की मंगळवारचा अंगठा मी चुकून दिला, आपलं पोस्ट बंद होणार आहे, ज्यांनी अंगठा दिला त्यांनी कृपया तो मागे घ्यावा. तासाभरात त्यांच्या या विनंतीला त्रेचाळीस अंगठे पडले. मागे कुणीही घेतला नाही. खाली एकाने दोन्ही हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि लोहारकाकांनी आपलं नाव लिहिलं.

जेवताना थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, मला काय ठाऊक? चकचकीत अंगठा दिसतो, बोट लागतं."

"दोन शब्द वाचायचे होते."

"तू वाचलेस?"

यावर पोस्टबाईंनी भाजी वाढून घेतली.

मात्र एक गोष्ट होती. खात्याचं नियमांचं जाडजूड पुस्तक गेली सव्वीस वर्षं त्या कलत्या स्टुलाच्या एका पायाखाली असे आणि वरचेवर ते काढून वाचणारं माणूस उभ्या जिल्ह्यात एकच होतं. त्यांनी पुस्तक ओढून काढलं, पान एकशे चौदा उघडलं आणि लेखी हरकत लिहायला बसल्या. चौथ्या दिवशी उत्तर आलं : सुनावणी शुक्रवारी, साडेअकरा वाजता, ऑनलाइन.

शुक्रवारी शाळेमागच्या टेकाडावर मिरवणूक गेली. पुढे पोस्टबाई, हातात पुस्तक. मागे थोरल्या जाऊबाई, हातात छत्री, कारण उन्हात पडदा दिसत नसे. त्यांच्या मागे खालून वर धापा टाकत सचिव, कारण फोन त्यांचा होता. पडद्यावर जिल्ह्याचे साहेब आले. त्यांच्या मागे निळा समुद्र होता आणि ताडाची झाडं. साहेब जरा हलले की त्यांचा कान समुद्रात बुडे. शेजारच्या दोन चौकोनांत दोन कारकून होते.

"बोला बाई. पण थोडक्यात."

"साहेब, मला एकच विचारायचंय. हे जे अंगठे आहेत ते डाव्या हाताचे आहेत की उजव्या?"

"म्हणजे?"

"पान एकशे चौदा. निरक्षर इसमाचा अंगठा ग्राह्य धरायचा तर तो डाव्या हाताचा हवा. शाईचा हवा. शेजारी साक्षर साक्षीदाराची सही हवी. आपल्याच खात्याचा नियम आहे."

"अहो, पण हे फोनवरचे..."

"फोनवरचे असोत. डावे की उजवे?"

साहेबांनी नकळत आपला अंगठा वर केला आणि त्याच्याकडे पाहिलं. पहिल्या कारकुनाने आपला केला. दुसऱ्याने आपला हात पडद्याजवळ धरला, फिरवला, पुन्हा फिरवला.

"डावा वाटतो, सर," पहिला म्हणाला.

"उजवा आहे. तळवा कुठंय बघा ना," दुसरा म्हणाला.

"तळवा दिसतच नाही. बोटं दिसतात."

"बोटं दिसतात म्हणजेच उजवा!"

"ठीक आहे, ठीक आहे," साहेब म्हणाले. तिन्ही अंगठे अजून वर होते.

"दुसरं म्हणजे," पोस्टबाईंनी छत्रीखाली कागद सरळ केला, "एकसष्टच्या एकसष्ट अंगठे तंतोतंत सारखे आहेत. रंग एक, माप एक, रेषा तर नाहीतच. उद्या माझ्या खिडकीवर एकसष्ट पावत्यांवर एकाच मापाचे बिनरेषांचे अंगठे आले आणि मी ते घेतले, तर आपण मला निलंबित कराल. करावंच."

"बाई, ते चित्र आहे हो!"

"मी तेच म्हणते, साहेब. तपासणीवाले आले तर आपण काय दाखवणार? चित्र?"

तपासणी हा शब्द ऐकल्यावर समुद्रातसुद्धा साहेबांच्या कपाळावर आठी उमटली. ते कारकुनांशी कुजबुजले. आवाज बंद करायचा राहून गेल्याने टेकाडावरच्या तिघांनीही कुजबूज नीट ऐकली. "बाईचं नियमाने बरोबर आहे," पहिला म्हणत होता, "उगाच गळ्यात यायचं." मग साहेबांनी निर्णय दिला. जुनी संमती रद्द. प्रत्येक नागरिकाने आपली संमती किंवा हरकत विहित नमुन्यात लिहून, सही अगर नियमानुसार अंगठा करून, बंद पाकिटात, रजिस्टर टपालाने, पंधरा दिवसांच्या आत पाठवावी.

"कुठल्या पोस्टातून?" पोस्टबाईंनी विचारलं.

साहेबांनी कारकुनांच्या चौकोनांकडे पाहिलं. "तुमच्याच."

खाली उतरताना सचिव म्हणाले, "जिंकलात बाई."

"अजून कुठे? आता माणसांना लिहायला लावायचंय."

ते खरंच अवघड निघालं. पहिले चार दिवस खिडकीवर कुणी फिरकलं नाही. ग्रुपवर मात्र पाठिंब्याचा पूर आला. "बाई, सारं गाव तुमच्या पाठीशी!" गिरणीवाल्याने लिहिलं. "पोस्ट हा गावाचा श्वास आहे," हेडमास्तरांनी लिहिलं, आणि त्याखाली सत्तर अंगठे पडले. हेडमास्तरांचं घर पोस्टापासून चाळीस पावलांवर होतं.

पाचव्या दिवशी लोहारकाका आले. खडूच्या वर्तुळात उभं राहून त्यांनी नमुना मागितला, सोबत आणलेल्या पाटीवर ठेवून भरला आणि खाली सही केली. सही इतकी मोठी होती की तिचं शेवटचं अक्षर मागच्या बाजूला न्यावं लागलं.

"यात अस्पष्ट काही नाही ना?" त्यांनी वरचा मजकूर तळव्याने झाकून विचारलं.

"नाही काका."

मग हळूहळू लोक येऊ लागले. कुणाकडे पेन नव्हतं. कुणाचं पेन सुकलं होतं. शेजारीण म्हणाली, फोनवर बोटाने लिहायची सवय झाली, पेन धरलं की हात दुखतो. सगळ्यांचा प्रश्न मात्र सारखाच असे : "बाई, यात काय लिहू?"

आणि पोस्टबाईंना सांगता येत नव्हतं. पान एकशे चौदा ज्या पुस्तकात होतं त्याच पुस्तकात पान सत्याऐंशीही होतं, आणि त्यावर लिहिलं होतं की शाखाप्रमुखाने पत्रलेखकास मजकुराबाबत सल्ला देऊ नये. पुस्तकाचं एक पान साहेबांच्या तोंडावर मारून दुसरं स्वतः डोळ्याआड करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "तुम्हाला वाटेल ते लिहा," त्या प्रत्येकाला म्हणत. ते ऐकून काही जण हिरमुसत. गिरणीवाला तर म्हणाला, "बाई, एवढा ताठा बरा नव्हे. आम्ही तुमच्यासाठी आलोय." त्यांनी त्याचं पाकीट तोललं, शिक्का मारला आणि पावती दिली.

चौदाव्या दिवशी दुपारी थोरल्या जाऊबाई आल्या. आतल्या दाराने यायचं सोडून त्या पुढून, रस्त्यावरून, मास्क लावून रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर त्यांनी पाकीट जाळीतून आत सरकवलं आणि खिडकीपाशीच थांबल्या.

"पावती घ्या," पोस्टबाई म्हणाल्या.

"मी संमती लिहिलीय."

शिक्का पोस्टबाईंच्या हातात होता. तो हातातच राहिला.

"खोटं कशाला बोलू?" जाऊबाई म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हा ही खोली मला सांगितली होती. सकाळचं ऊन सगळ्या घरात फक्त इथे येतं. मग तुझं पोस्ट आलं. सव्वीस वर्षं मी मागच्या अंधाऱ्या खोलीत गुडघे शेकतेय, आणि ऊन तुझ्या थैल्यांवर पडतंय."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुणाशी बोलू? इथे आलं की तू पोस्टबाई."

"टेकाडावर छत्री धरलीत ना माझ्यासाठी?"

"धरली. ऊन होतं. तुला चक्कर आली असती." जाऊबाईंनी पदराने नाक पुसलं. "ते वेगळं, हे वेगळं."

मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. पोस्टबाईंनी पाकीट तराजूवर ठेवलं, वजन लिहिलं, रजिस्टरचा क्रमांक चिकटवला आणि शिक्का मारला. तो जरा फिका उठला, म्हणून शाईच्या गादीवर दाबून पुन्हा मारला. तारीख स्वच्छ वाचता येत होती. त्यांनी पावती जाळीतून बाहेर दिली.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी थैलीचं तोंड बांधून सील केलं. एकशे बारांपैकी सदतीस पाकिटं होती. गाव पाठीशी होतं, पण बरंच मागे होतं.

त्या पाकिटांत काय आहे ते पोस्टबाईंना ठाऊक नव्हतं. एकाचं तेवढं ठाऊक होतं. थैली न्यायला गाडी येईपर्यंत अर्धा तास ती त्यांच्या पायाशी पडून होती. पाकिटाचा डिंक वाफेवर कसा सुटतो हे त्यांच्याइतकं गावात कुणाला माहीत नव्हतं. स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलेलं ऐकू येत होतं. त्यांनी आतल्या दाराची कडी लावली आणि गाडी येईपर्यंत उभ्याच राहिल्या.

निकाल आठ दिवसांनी साहेबांनी फोनवर सांगितला. हरकती एकतीस. संमती चार. दोन पाकिटं बाद. त्यांतल्या एकात सही विसरली होती आणि दुसऱ्यात कुणीतरी बॉलपेनने अंगठ्याचं चित्र काढलं होतं. शाखा चालू राहील. "लेखी आदेश टपालाने येईल," साहेब म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच काहीतरी खटकल्यासारखं होऊन त्यांनी फोन ठेवला.

पोस्टबाईंनी तो आकडा कागदावर लिहिला. चार. त्यांतली एक संमती रस्त्यावरून फिरून येऊन, रांगेत उभं राहून, तोंडावर सांगून गेली होती. उरल्या तीन. एकसष्ट जणांनी आपल्याला घालवलं तेव्हा त्यांना रागापेक्षा हसूच जास्त आलं होतं, कारण त्या एकसष्टांना आपण काय केलं हे कळलंच नव्हतं. या तिघांनी पेन शोधलं होतं. नमुना मागितला होता. "बाई, काय लिहू?" म्हणून विचारलंही असेल. मग वर्तुळात उभं राहून, याच जाळीपुढे, हवं ते लिहिलं होतं.

बातमी ग्रुपवर गेली आणि दुसऱ्या दिवसापासून खिडकीवर गर्दी झाली. टपाल कुणालाच टाकायचं नव्हतं.

"मी हरकत लिहिली होती हं, बाई," गिरणीवाला म्हणाला.

"मी तर दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या," शेजारीण म्हणाली.

हेडमास्तरांनी आपली हरकत तोंडपाठ म्हणून दाखवली. रजिस्टरच्या वहीत हेडमास्तरांचं नाव नव्हतं. पोस्टबाईंनी वही उघडली नाही. "हो का? बरं झालं," एवढंच प्रत्येकाला म्हणाल्या, आणि त्या माणसाने पाठ फिरवली की समोरच्या कागदावर एक बारीक रेघ ओढत गेल्या. शनिवारपर्यंत गावातल्या बावन्न जणांनी त्या एकतीस हरकती लिहिल्या होत्या.

सोमवारी सकाळी रांगेत सहा माणसं होती. सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, थोरल्या जाऊबाई लेकीला लिहिलेलं पत्र घेऊन उभ्या होत्या. त्या पुढे बघत नव्हत्या. पोस्टबाईंनी जाळीतून हात बाहेर काढून त्यांना बोलावलं.

"या. आधी तुमचं घेते."

"का हो बाई?" गिरणीवाला म्हणाला. "आम्ही मघापासून उभे आहोत. घरचं माणूस म्हणून आधी का?"

"हो," पोस्टबाई म्हणाल्या, आणि स्टूल थोडं बाजूला सरकवून त्यांनी आतल्या दाराची कडी काढली. "बाहेर कशाला थांबता, जाऊबाई? आतून या. नऊपर्यंत ऊन असतं."